बंद व्हयनं का?

माळा आवरताना कॅसेट सापडली. वरच्या कागदावर वडिलांच्या निळ्या शाईत ‘माय – जात्यावरच्या ओव्या’ असं लिहून त्यावर काट मारलेली, आणि खाली लाल शाईत, मोठ्या दिमाखात, ‘फर्माईश’. लाल शाई माझी. मी तेव्हा आठवीत होतो, घरात कोरी कॅसेट नव्हती, आणि ज्या गाण्यासाठी आमच्या अख्ख्या गल्लीनं पोस्टकार्डं टाकली होती ते त्या दुपारी रेडिओवर लागणार होतं. गाणं एकदा निसटलं की निसटलं. आजी कुठे जातेय, ती तर मागच्या ओसरीत वाल सोलतेय, असा माझा हिशेब होता.

हा हिशेब एकट्या आठवीतल्या पोरांचाच चुकतो असंही नाही. माणूस चंद्रावर उतरला तेव्हाच्या मूळ टेपा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असं खुद्द नासाच्या शोधातून २००९ साली निघालं. बीबीसीनंही आपल्या कितीतरी मालिका अशाच पुसल्या. हे वाचलं त्या दिवशी मी घरात दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी दाद दिली नाही.

टेप पुसणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी. जळगावचं आकाशवाणी केंद्र १९७६ सालचं, म्हणजे ऐन स्पूलच्या जमान्यातलं. पाव इंच रुंदीची ती तपकिरी फीत सेकंदाला साडेसात इंच पळते. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत मावते आणि ती बत्तीस मिनिटांत संपते. म्हणजे अर्ध्या तासाचं कीर्तन ठेवायचं तर साडेतीनशे मीटरच्या आसपास फीत कायमची अडकवायची. उद्या केळीवरच्या करप्याची मुलाखत आहे, परवा बालसभा आहे, फीत आणायची कुठून? मग कुठल्याही केंद्रावर व्हायचं तेच होतं: हे ठेवा, ते पुसा. पुसायचं यंत्र म्हणजे एक दांडगं चुंबक. त्याच्याजवळ जाताना मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचं, नाहीतर कीर्तनाबरोबर वेळही बिघडते.

ठेवलेल्या टेपांचे लाड वेगळेच. त्यांना थंड हवा लागते, कोरडी लागते, धूळ चालत नाही. म्हणजे मे महिन्यातल्या खानदेशात जे जे नाही ते सगळं. अशा ठिकाणी एसी टेपांच्या खोलीला आणि पंखा माणसांच्या खोलीला, हा न्याय मला पटतो. माणूस वितळला तरी पुन्हा घट्ट होतो. शिवाय गुंडाळून ठेवलेल्या टेपेचा एक खोडकर रोग आहे. एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. गायकानं तोंड उघडण्याआधीच त्याची तान अगदी अंधूक ऐकू येते, जसं साखरपुडा ठरायच्या आधीच शेजारच्या काकूंना कळलेलं असतं. म्हणून जाणकार लोक टेप वाजवून झाली की उलटी फिरवून ठेवत नाहीत, शेवटाचं टोक बाहेर ठेवूनच डब्यात घालतात. मग ती कुजबुज आधी न येता मागून येते आणि पडसादात खपून जाते.

खरं म्हणजे जपून ठेवणं ही आमच्याकडची जुनी खोड आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरं गोळा करत हिंडले आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले, तर धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळच उभं केलं. आणि त्याच धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी १९३२ पासून अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले. टेप-रेकॉर्डर कुठला असायला? जर्मनांनी मॅग्नेटोफोन बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला तो १९३५ साली. पण समोर साने गुरुजी बसले होते, हातात लेखणी. ‘गीता प्रवचने’ आज आहे ती त्या लेखणीमुळे. तिला एसी लागला नाही. इकडे जळगावात बहिणाबाई जात्यावर आणि शेतात बोलत गेल्या, त्यांच्या मुलानं, कवी सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं ते टिपून ठेवलं, आणि बहिणाबाई गेल्यावर आचार्य अत्र्यांच्या हाती वही पडली. १९५२ साली पुस्तक आलं. खानदेशातली ही दोन सर्वांत मोठी ध्वनिमुद्रणं कागदावर झालेली आहेत.

तरी माझी एक तक्रार राहतेच. लेखणी फार सभ्य असते. विनोबा मध्येच खोकले असतील, बाहेर पहारेकऱ्यानं कुणाला दरडावलं असेल, बहिणाबाईंनी ओळ अर्ध्यावर सोडून गुरांना हाकललं असेल. ते वहीत नाही. रेडिओवालेही ब्लेडनं फीत तिरकी कापून खोकला काढून टाकत आणि दोन टोकं चिकटवत. कापलेला खोकला खाली केराच्या टोपलीत. मला ती टोपली हवी आहे.

आता तर कापायचीही गरज नाही. सगळं फायलींत असतं, सगळं ठेवलं जातं. माझ्या मोबाइलमध्ये आवाजाच्या चारेकशे फायली आहेत, त्यांपैकी बऱ्याचशांचं नाव ‘नवीन रेकॉर्डिंग’. पुढचा आकडा वेगळा, एवढाच फरक. त्या पुसायचंही धाडस होत नाही आणि ऐकायचंही. निळ्या शाईतला तो कागद त्यापेक्षा शहाणा होता. काट मारलेली असूनही त्यानं आत काय होतं ते सांगितलं.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी आजीनं आधी डोक्यावरून पदर घेतला होता, एवढं मला आठवतं. यंत्राकडे बघून विचारलं होतं, “चालू व्हयनं का?” ते सगळं माझ्या फर्माईशीखाली गेलं.

कॅसेट दुरुस्त करून घेतली, पेन्सिल घालून ढिली फीत ओढून घेतली आणि लावली. गाणं आलं, आता ऐकवत नाही. निवेदिकेनं फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली, त्यात आमची गल्ली नव्हती. मग खट्ट. मी तिथे बटण दाबलं असणार. आणि त्यापुढे, शेवटच्या दीडेक मिनिटात, जात्याची घरघर मंदावत थांबली.

“बंद व्हयनं का?” आजी.

“हां माय, व्हयनं,” वडील. झालं नव्हतं.

तशी आजीनं सुस्कारा टाकला आणि शेजारणीनं उसनी नेलेली पाटी अजून कशी परत केली नाही, ते पहिल्यापासून सांगायला घेतलं.