मर्सेनबुवांची यादी

"अहो वहिनी, कढीपत्ता तोडा सावकाश, पण कान इकडे द्या. पॅरिसच्या मर्सेनबुवांचं प्रकरण ठाऊक आहे का?"

"कोण हे? कीर्तनकार?"

"छे हो, मठातले साधू. १६४४ साली यादीच छापली त्यांनी. दोनाचा अमुक घात घ्या, एक वजा करा, की मूळ संख्या हजर! अमुक म्हणजे ३१, ६७, १२७, २५७ वगैरे. पुराव्याचं नाव नको."

"मग निघाली का खरी?"

"अर्धीमुर्धी. ६१, ८९, १०७ राहूनच गेले आणि ६७ नि २५७ खोटे निघाले. ६७चं बिंग फोडलं एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं, १८७६ साली. १२७चं मात्र त्यानंच खरं ठरवलं. एकोणचाळीस अंकी संख्या!"

"अगंबाई! भागून भागून म्हातारा झाला असेल."

"तीच तर मेख. भाजक शोधत बसलाच नाही तो. ३१वर दाखवते, म्हणजे दोनाचा पाचवा घात वजा एक. सुरुवात चारापासून. वर्ग करा, दोन वजा करा, आले १४. पुन्हा तेच, १९४. ३१नं भागून बाकी ८. आठाचा वर्ग ६४, दोन गेले ६२, बाकी शून्य. शून्य आलं की मूळ! पाचव्या घाताला हे तीनदा, १२७व्याला १२५ वेळा. ही सुटसुटीत रीत पुढे लेमर नावाच्या गणितज्ञानं बसवली, पण डोकं ल्युकाचं. ६७लाही कशानं भाग जातो ते त्याला माहीत नव्हतंच. ते अवयव कोल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९०३ साली मांडले."

"म्हणजे चोर सापडला नाही, पण चोरी पक्की!"

"अगदी! आणि हाच ल्युका टोपणनावानं 'हनोईचा मनोरा' हे खेळणं विकायचा. सोबत आपल्या काशीच्या देवळातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची दंतकथा. त्या हलवायला खेपा किती? दोनाचा ६४वा घात वजा एक."

"तीही मूळ?"

"कसली! घात सम असला की तिनानं भाग जातोच. चकत्या १२७ असत्या, तर खेपा बरोब्बर ल्युकाच्या संख्येइतक्या."

"पुढे काय झालं त्याचं?"

"मेजवानीत बशी फुटली, तुकडा गालाला लागला, जखम चिघळली, १८९१ साली गेला म्हणतात. वय अवघं ४९. पण सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येचा त्याचा विक्रम १९५१पर्यंत, ७५ वर्षं टिकला. तोही मोडला यंत्रं आली म्हणून. त्या वर्षी केंब्रिजला एडसॅक संगणकावर ७९ अंकी मूळ संख्या काढली, तीही ल्युकाच्याच संख्येचा वर्ग करून, १८०नं गुणून, वर एक मिळवून!"

"आणि आता?"

"२०२४ साली चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची सापडली. पण वहिनी, यंत्राला हात न लावता सिद्ध केलेल्यांत ल्युकाच्या संख्येहून मोठी अजून नाही."