कोरनीस

बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणीच्या बाजारपेठेपर्यंत मोबाइलच्या दुकानांत एक गृहस्थ हमखास आढळतो, ज्याला फडणीस-चिटणिसांच्या पंगतीत ‘कोरनीस’ हे पद शोभावे; कारण प्रोसेसरमध्ये, म्हणजे सूचना वाचून आकडेमोड करणाऱ्या चिपमध्ये, किती कोर, म्हणजे किती स्वतंत्र गणनाकेंद्रे आहेत, याचे दप्तर सांभाळणे हेच त्याने आपले जीवितकार्य मानलेले असते. नात्यातल्या कोणाच्या हाती नवा फोन दिसला की प्रकृतीची चौकशी बाजूला ठेवून तो “किती कोरचा हाय ओ?” असे विचारतो, आणि उत्तर चार आले तर त्या घराच्या सांपत्तिक स्थितीविषयीची कणव त्याला लपवता येत नाही.

या निष्ठेला २०१३ साली खतपाणी मिळाले. त्या वर्षी सॅमसंगने आणलेल्या ‘एक्सिनोस ५ ऑक्टा’त चार दणकट आणि चार काटकसरी असे आठ कोर होते खरे, परंतु एका वेळी त्यांतले चारच कामावर येत, मीडियाटेकने ‘खरेखुरे आठ’ म्हणून जाहीर केलेल्या एमटी६५९२ मधले आठही कोर एकदम राबत, मात्र ते सगळेच काटकसरी होते, आणि त्याच वर्षीचा आयफोन ५एस अवघ्या दोन कोरांवर, एकेका कोरच्या वेगात, या दोघांनाही मागे टाकत असे. कोर कशाला म्हणावे हा वाद तर कोर्टातही गेला: एएमडीच्या २०११ च्या ‘बुलडोझर’ चिपांत दर दोन कोरांना अपूर्णांकांचे गणित करणारा विभाग सामाईक असल्यामुळे अमेरिकेत २०१५ साली ग्राहकांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड झाली, हा वेग २००४ पासून सर्वोच्च न्यायालयाकडे डोळे लावून बसलेल्या सीमाभागास थक्क करणारा आहे.

कोर वाढले तरी काम त्या पटीत का उरकत नाही, याचा नियम जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच मांडला, आणि तो निपाणीच्या विडी कारखान्यात सहज समजतो: वळणाऱ्या बाया आठ असल्या तरी विड्या मोजून घेणारा कारकून एकच असेल, तर रांग त्याच्यापुढेच तुंबते. कामाचा निम्मा भाग वाटून देता येत नसेल, तर आठ कोरांनीही वेग दुपटीपर्यंत पोहोचत नाही.

तरीही कोरनीसाला भोळा म्हणणे अन्यायाचे होईल, कारण खरी कामगिरी कोरची रचना, घड्याळगती, मेमरीचा पुरवठा आणि चिप तापल्यावर येणारी मरगळ यांवर ठरते, आणि ही हकीकत खोक्यावर मावत नाही. आठाचा आकडा मात्र ठळक मावतो. अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याने हे सारे समजावून दिले, तर तो ते शांतपणे ऐकून घेतो आणि अखेरीस, मग दहा कोरचा कुठे मिळेल, एवढेच विचारतो. मीडियाटेकने तर २०१५ सालीच दहा कोरांचा ‘हेलिओ एक्स२०’ जाहीर करून त्याच्या प्रश्नाची आगाऊ तरतूद केलेली होती.