गुलाबी कोळसुंदा

रविवारी जोतिबाच्या डोंगरावर कुत्री गुलाबी असतात. गाई, पायऱ्या, जिपा, पुजाऱ्यांच्या भुवया, पेढ्याच्या दुकानातला तराजू, सगळंच. भाविक 'चांगभलं'च्या गजरात गुलाल-खोबरं उधळतात आणि उरलेलं काम डोंगरावरचा वारा करतो. सोमवारपर्यंत कुत्री थोडी फिकी पडतात, पण मूळ रंगावर येईस्तोवर पुढचा रविवार उजाडतो.

हे आधी सांगायला हवं, कारण बारक्याचं जे चित्र जगभर फिरलं त्यात दोन पायांवर उभा असलेला एक गुलाबी कोळसुंदा आहे. डोक्याला फेटा, हातात खोबऱ्याची वाटी, मागं झुबकेदार काळी शेपटी. ओहायोतला एक तरस, हॅम्बुर्गची एक कोल्हीण आणि ब्राझीलचा कुठलासा पाणमांजर अशा जाणकारांनी या धाडसी रंगसंगतीची तोंड भरून तारीफ केली. हा गुलाबी तुला सुचला कसा, असं कोल्हिणीनं विचारलं. 'असाच सुचला,' असं बारक्यानं विनयानं कळवलं. त्या वेळी खिडकीखाली तीन गुलाबी कुत्री एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती.

बारक्या म्हणजे आम्ही पिढ्यान्पिढ्या ज्या पुजाऱ्यांच्या घरी उतरतो त्यांचा धाकटा. थोरला देवळातली पाळी सांभाळतो, मधला नारळ-गुलालाचं दुकान बघतो आणि बारक्या माळ्यावर असतो. वय तेवीस-चोवीस, अंगानं किडकिडीत, उजव्या हाताच्या करंगळीला कापडी मोज्याचा तुकडा. मला आधी वाटलं, भाजलं असेल. तर तो चित्र काढायच्या टॅबच्या काचेवर हात घसरावा म्हणून होता. बारक्याचं बरंचसं आयुष्य त्या काचेवर जातं. मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात गुलाल साठतो म्हणून सुई मात्र कायम खिशात.

बारक्यासारख्या मंडळींना फरी म्हणतात. माणसासारखी चालणारी, बोलणारी, कपडे घालणारी जनावरं हा त्यांचा जीव की प्राण. नुसतं बघून त्यांचं भागत नाही. प्रत्येकाचं स्वतःचं एक जनावर असतं, त्याला फर्सोना म्हणायचं. त्याचं नाव, स्वभाव, खाणंपिणं, कानाच्या आतला रंग, सगळं ठरलेलं. हे खूळ कालचं नाही. 1980 साली बोस्टनला विज्ञानकथावाल्यांचं जागतिक संमेलन भरलं होतं. तिथं स्टीव्ह गलाची नावाच्या चित्रकाराच्या एका जनावरावरून गप्पा रंगल्या आणि मंडळी जमू लागली. 1989च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला त्यांचं पहिलं स्वतंत्र संमेलन झालं. ही सनावळी बारक्याला तोंडपाठ आहे. आपलं देऊळ राणोजी शिंद्यांनी 1730 साली बांधलं हे मात्र त्याला दर वेळी वडिलांना, म्हणजे आण्णांना, विचारावं लागतं. त्या देवळाच्या दगडाआड रेंज जाते एवढं त्याला पक्कं माहीत आहे. म्हणून मोठी चित्रं चढवायला तो यमाईच्या बाजूला उतरतो.

सुरुवातीला तो लांडगा होता. त्या दुनियेत जो तो आधी लांडगाच होतो. कॉलेजची सहल दाजीपूरच्या अभयारण्यात गेली, तिथल्या गार्डनं कोळसुंद्याची गोष्ट सांगितली, आणि बारक्यानं जात बदलली. कोळसुंदा म्हणजे आपला रानकुत्रा. तांबूस अंग, काळी शेपटी, कळपानं हिंडणारा. भुंकायच्या ऐवजी शीळ घालतो, या गोष्टीनं बारक्याचा निकालच लागला, कारण बारक्यालाही बोलण्यापेक्षा शीळ बरी येते.

चित्रकार म्हणून तो कसा आहे? आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुराशी नातं सांगण्याइतका नाही. डोळे फार मोठे काढतो. हात जमत नाहीत. पण पंजाला चार बोटं चालतात आणि तीही लोकरीत बुडवता येतात, हा या कलेचा मोठा फायदा आहे. शेपटी मात्र! शेपटीत त्याला तोड नाही. शेपटीच्या शेवटच्या झुबक्याची काळी छटा निळसर असावी की तपकिरी, यावर तो महिनाभर जेवताना बोलत नव्हता. त्याच्या भाषेत याला रेफ शीट म्हणतात: जनावर पुढून, मागून, बाजूनं, तळपायाचा रंग, रागावल्यावरचे कान. दुसऱ्या कुणी चित्र काढलं तर एक ठिपकाही चुकायला नको.

हे वेड बाहेरच्याला वेड वाटेल. त्या घरात वाटण्याचं कारण नव्हतं. आण्णांचा सगळा जन्म देवाला सजवण्यात गेला. नवरात्रात जोतिबाची रोज वेगळी पूजा बांधतात. आज कमळातली, उद्या सरदारी थाटातली. फेट्याचा पीळ बोटभर सरकला तरी आण्णा पुन्हा सोडून बांधतात. पण हे बारक्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं धरून ठेवलं होतं की आपण फार भयंकर काहीतरी करत आहोत.

म्हणून तीन वर्षं त्यानं कडेकोट गुप्तता पाळली. विचारलं की 'डिझाइनचं काम करालोय' म्हणायचं. एक दिवस घरी कळणार, आई रडणार, आण्णा उंबऱ्याबाहेर काढणार, गाव वाळीत टाकणार, अशी त्याची तयारी होती. त्या प्रसंगासाठी त्यानं एक भाषण लिहून ठेवलं होतं. मी ते नंतर वाचलं. त्यात 'समाज' हा शब्द अकरा वेळा होता.

गुपित फुटलं ते फ्लेक्समुळं. गावातल्या एका भावी सदस्यांचा वाढदिवस होता. खालच्या फाट्यावरच्या फ्लेक्सवाल्याकडं सिंह आणि वाघ भरपूर, पण ते मागच्या महिन्यात विरोधी पार्टीला लावून झालेले. त्यानं इंटरनेटवर शोधाशोध केली आणि फेटा बांधलेला, खोबरं घेतलेला, गुलाबी असा तयार प्राणी त्याला सापडला. देवानंच धाडल्यासारखा. कोपऱ्यातली सही कापून त्यानं तो भावी सदस्यांच्या खांद्यामागं उभा केला आणि खाली लिहिलं, 'डोंगराचा ढाण्या वाघ'.

सकाळी दूध आणायला निघालेला बारक्या पंधरा फुटी स्वतःसमोर येऊन उभा राहिला. सही कापली, हे त्यानं गिळलं. परवानगी घेतली नाही, हेही गिळलं असतं. पण खालची ओळ वाचली आणि तीन वर्षांची गुप्तता मोडून तो भर चौकात ओरडला, "वाघ न्हाई त्यो! कोळसुंदा हाय! माझा हाय!"

चौक शांत झाला. बारक्यानं मनातल्या मनात भाषणाचं पहिलं पान उघडलं. चहाच्या गाड्यावरचे तात्या बशी खाली ठेवून पुढं आले, चष्मा वर करून फ्लेक्स नीट बघितला आणि म्हणाले, "शेपूट काळी हाय. कोळसुंदाच की. मी बघितल्यात दाजीपूरला." मग फ्लेक्सवाल्याचा एका शब्दात उद्धार करून ते चहाकडं परतले. एकानं विचारलं, लग्नपत्रिकेवर असला जोडा काढून देशील काय. विषय संपला.

बारक्या त्या दिवशी जेवला नाही. ज्या गावात घोड्यावरचा देव रोज नव्या रूपात बसतो, पालखीपुढं घोडा मानानं चालतो, तिकडं जेजुरीला माणूस देवाचा कुत्रा होऊन वाघ्या म्हणवतो, कोकणात दशावतारात नरसिंह खांब फोडून बाहेर येतो, तिथं शेपटी लावलेल्या पोराचं कुणाला नवल वाटणार? त्याला बंडखोर व्हायचं होतं. गावानं त्याला कारागिरांत जमा केलं.

आण्णांनी एकच चौकशी केली. "पैसं मिळत्यात?"

"मिळत्यात. एका तोंडाला पंधराशे."

"आणि अर्ध्या अंगाला?"

"तीन हजार."

"शेपटीसकट?"

"शेपूट मी फुकट देतोय आण्णा."

"शेपूटच चांगली हाय की तुझी," आण्णा म्हणाले. "तिचं घ्यायचं, बाकीचं फुकट दे."

पुण्याला आयटीत असलेल्या चुलतभावानं हे ऐकून रात्री गूगल केलं आणि दुसऱ्या दिवशी घाबऱ्या आवाजात फोन आला, की या लोकांत फार वाईट चालीचं असतं. बारक्या शांतपणे म्हणाला, "असतंय की. तमाशातबी असतंय, पिच्चरमधीबी असतंय. मी फेटं बांधतोय." आणि खरोखर, त्याच्या चित्रांतली जनावरं आमच्या आत्याबाईंपेक्षा सोवळ्यात असतात. गुंडीसुद्धा उघडी नसते.

आईचा प्रश्न वेगळा होता. तिला या गिऱ्हाइकांची खरी नावं कधी कळली नाहीत, बारक्यालाही ती माहीत नाहीत. त्यामुळं घरात आता उघड बोलणं चालतं. "कोल्हिणीचं पोरगं बरं झालं काय रे?" "तरसाची नोकरी गेली म्हणाला हुतास, मिळाली काय दुसरी?" एका रविवारी पुरणपोळ्या लाटताना ती मला म्हणाली, "तरस गुणी हाय हो. पैसं वेळेत देतोय. एकटाच ऱ्हातोय बिचारा." माझ्यासोबत आलेल्या पाहुण्यांनी त्यानंतर पोळी खाल्ली नाही.

मग बारक्यानं तात्यांना पिट्सबर्गचा व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या त्या शहरात 2006पासून दर उन्हाळ्यात अँथ्रोकॉन नावाचं संमेलन भरतं. आता पंधरा हजारांच्या वर लोक येतात. त्यातले पुष्कळ जण अंगभर लोकरीचे पोशाख चढवून रस्त्यानं मिरवणूक काढतात, शहर दुतर्फा उभं राहून टाळ्या वाजवतं. तात्यांनी पूर्ण व्हिडिओ बघितला.

"पंधरा हजार म्हणजे लई न्हाईत," ते म्हणाले. "चैत्र पुनवंला आपल्याकडं लाखांनी मोजत्यात. आणि ह्यात सासनकाठी कुठं दिसंना ती?"

"काठी नसती तात्या."

"मग मान कुणाचा? आपल्याकडं सातारच्या निनाम पाडळीच्या काठीला पहिला मान. हितं पुढं कोण चालायचं हे ठरवतंय कोण? भांडणं हुईत न्हाईत?"

बारक्याला उत्तर सुचेना. विषय बदलायला त्यानं सांगितलं की त्या पोशाखात उकडतं फार, म्हणून संमेलनात एक खोली राखलेली असते. तिथं जनावरं आपापलं डोकं काढून ठेवतात, पंख्यापुढं बसतात, पाणी पितात आणि डोकं चढवून परत बाहेर येतात.

"डोकं काढून बसायची खोली?" तात्या म्हणाले. "आपल्याकडं ग्रामपंचायत हाय."

तात्यांनी एक इशारा मात्र गंभीरपणे दिला: हत्ती काढायचा नाही. जोतिबाला 2007 साली सुंदर नावाचा हत्ती अर्पण झाला होता. त्याच्या हालांवरून प्राणिमित्रांनी मोहीम उघडली, बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीनं तिकडून मंत्र्यांना पत्र धाडलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2014 साली सुंदर बंगळूरजवळ बन्नेरघट्ट्याला रवाना झाला. तेव्हापासून तात्यांच्या मते परदेशी माणसांचं आपल्या जनावरांवर बारीक लक्ष आहे. "कुत्री काढ, मांजरं काढ. हत्ती काढलास की केस हुती." बारक्यानं आजतागायत हत्ती काढलेला नाही. गव्याबाबतही तो वनखात्याचा विचार करून हात आखडता घेतो.

खरा फरसूट, म्हणजे तो लोकरीचा पोशाख, करून घ्यायचा तर दोन-तीन लाखांपासून पुढं पडतात. हे ऐकून आण्णा म्हणाले, तेवढ्यात गोठ्यात दोन म्हशी येतात आणि त्या आतून रिकाम्या नसतात. पण बारक्याचा चेहरा पडला तसं रात्री त्यांनी बांबूच्या कामट्या काढल्या. थोरल्यानं स्पंज आणला. आईनं जुनी सोलापुरी चादर दिली. पंधरवड्यात कोळसुंद्याचं डोकं उभं राहिलं. कान एकमेकांकडं संशयानं बघतात, जबडा मिटत नाही, पण त्यावरचा फेटा असा बांधलाय की हॅम्बुर्गच्या कोल्हिणीनं नुसत्या फेट्याचे किती घेशील म्हणून विचारलं. आण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा डॉलरचा भाव पाहिला. डोकं घालून बारक्या फक्त पहाटे, गर्दी नसताना बाहेर पडतो. गर्दीची त्याला भीती नाही. लोक पाया पडतात आणि पुढं दहाची नोट ठेवतात, त्याचं काय करायचं हे त्याला कळत नाही.

परवा खेट्याच्या रविवारी मी गेलो तेव्हा माळ्यावर खालच्या गावचे एक मामा बसले होते. त्यांचा खिल्लार बैल जाऊन चार वर्षं झाली होती. त्याचा एकही फोटो नव्हता, आणि बेंदराला गोठ्यात लावायला त्यांना चित्र हवं होतं.

बारक्यानं टॅब पुढं घेतला. "फेटा बांधू? कोट घालू?"

"काय नको."

"हसरा काढू?"

"हसायचा न्हाई त्यो. मारका हुता."

"दोन पायांवर हुबा करतो, शिंगं वर..."

"चार पायांवर," मामा म्हणाले.

बारक्या जरा अडखळला. "मामा, मग त्यो फरी न्हाई हुणार. नुसता बैल हुईल."

"बैलच हुता की त्यो."

बारक्यानं थोडा वेळ डोकं खाजवलं, करंगळीचा मोजा सारखा केला आणि मधोमध रेघ ओढून एका बाजूचं शिंग काढलं. दुसऱ्या बाजूला तस्संच शिंग आपोआप उमटलं. मामा काचेवर वाकले, बोटानं ते पुसायला लागले. पुसेना, तसं म्हणाले, "त्या मशिनीला सांग, डावं वाकडं हुतं."