जरा ॲडजस्ट करा

कल्याणहून येणारी लोकल डोंबिवलीला लागली की हे गृहस्थ आत शिरतात. सॅक पोटावर, डब्याची पिशवी मनगटात. बाकावर तिघे बसलेले असतात. रेल्वेने ते बाक तिघांसाठीच केलंय. पण हे माणसांकडे बघतच नाहीत. तिसऱ्याची मांडी संपल्यावर बाकाची जी चार बोटं उरतात, तिथे त्यांची नजर.

"भाऊ, जरा ॲडजस्ट करा."

'सरका' म्हणाले असते तर भांडण झालं असतं. ॲडजस्ट म्हटलं की खिडकीतला माणूससुद्धा झोपेतल्या झोपेत भिंतीला चिकटतो. सेकंड क्लासात चौथ्या सीटला नाही म्हणायची सोय नाही. म्हणून बघा, अख्खा डबा तुम्हाला माणुसकी शिकवायला लागतो. हे आधी नुसते टेकतात. दिव्यापर्यंत एक कुल्ला बाकावर, एक अधांतरी. ठाण्याला दुसराही येतो. घाटकोपरला पेपर उघडतो. दादरला तिसरा उतरायला उठतो, तेव्हा त्याच्या लक्षात येतं की मघापासून चौथ्या सीटवर तोच होता.

सोसायटीत यांची स्कूटर दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये ॲडजस्ट झालेली असते. लग्नाची पत्रिका दोघांना, पंगतीला पाच जण. भाजीवाल्याकडे सुटे नसले की कोथिंबिरीची जुडी ॲडजस्ट. ऑफिसात यांची शनिवारची ड्यूटी कोण ॲडजस्ट करतं, ते विचारू नका. मी करतो.

खरी मजा गणपतीत झाली. कोकणात जायचं तिकीट आरएसी लागलं. आरएसी म्हणजे रेल्वेने स्वतःच मान्य केलेली चौथी सीट: साइड लोअर बर्थ एक, बसायचं दोघांनी. समोरच्या आजोबांनी पनवेल सुटताच पाय पसरले. "जरा ॲडजस्ट करा हं, गुडघे धरलेत."

आमचे गृहस्थ खवळले. "अहो, नियम म्हणून काही आहे की नाही?" टीसीला बोलावलं. टीसीने चार्ट पाहिला, आजोबांचे गुडघे पाहिले आणि म्हणाला, "चिपळूणपर्यंत ॲडजस्ट करा ना साहेब."

एवढं होऊन माणूस बदलला असेल, असं समजू नका. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर जागा द्या, चहा पाजा, पण पैसे उसने देऊ नका. ते पुढच्या महिन्याच्या भिशीत ॲडजस्ट होतात.