शिरस्तेदारसाहेबांचे विलायती खेडे

ज्यांची हयात फौजदारी मिसली लावण्यात गेली आणि ज्यांचे उत्तरायुष्य इंग्रजी खेड्यांतील खुनांना वाहिलेले आहे, असे एक निवृत्त शिरस्तेदार वऱ्हाडात बहुतेक तालुक्यांच्या गावी आढळतात. बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या चिखलीस तर ते असावयाचेच. शेरलॉक होम्स हा त्यांच्या मते शहरी, म्हणून उथळ. अस्सल गुन्हा पिकतो तो पाद्र्याच्या बंगल्यात. अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९३० साली मिस मार्पल या वृद्ध कुमारिकेस ज्या कादंबरीत प्रथम आणले, ती हाती पडल्यापासून सेंट मेरी मीड या खेड्याच्या चतुःसीमा त्यांस स्वतःच्या शेताहून अधिक अवगत आहेत. पाद्रीबुवांचे घड्याळ पाव तास पुढे असे, हा मुद्दा ते मोठ्या गांभीर्याने विशद करतात. ज्या कचेरीत आपण पेन्शनीस पोहोचलो तेथील घड्याळ मुळातच बंद होते, एवढे सांगावयाचे तेवढे राहून जाते.

जगात कोणीही भेटो, मिस मार्पलबाईंना त्याच्यात आपल्या गावचे कोणी तरी दिसते. शिरस्तेदारसाहेबांना गावात कोणीही भेटो, त्याच्यात कादंबरीतले कोणी तरी दिसते. त्यामुळे फौजेतून परतलेले सुभेदार हे कर्नल ठरून लौकरच मरणार, आणि पोस्टमास्तर अत्यंत सज्जन असल्याकारणाने पहिल्या नंबरचे संशयित.

परवा खुद्द त्यांच्याच ओसरीवरून पितळी घागर नाहीशी झाली. भिंग, अंगणातील पावलांचा नकाशा, संशयितांची फेरिस्त असा सरंजाम सिद्ध होऊन रोजनामा तिसऱ्या बंदावर गेला, तोच भांडी घासणारी बाई म्हणाली, “घागर कोनं नेली ते साऱ्या गल्लीले ठाव हाय, साहेब. पन माह्यं नाव घेऊ नका बरं!”

विलायती खेड्यात शेवटच्या प्रकरणापर्यंत गुन्हेगार कोणासच ठाऊक नसतो, साक्ष द्यावयास मात्र मोलकरणीपासून जमीनदारणीपर्यंत सारे उतावीळ. आमच्याकडे गुन्हेगार फिर्यादीपूर्वीच सर्वश्रुत, अडते ते पंचनाम्यावर अंगठा कोण उठवणार येथे. शिरस्तेदारसाहेबांस हे नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळून चुकले होते. म्हणूनच ते रात्री कंदील मोठा करून अगाथाबाईंच्या इलाख्यात जातात. तेथे एकही मिसल पुराव्याअभावी दप्तरदाखल होत नाही.