किनाऱ्याकिनाऱ्याने

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत हा माणूस सापडतो. लग्नाच्या पंगतीत कोकणाचा विषय निघतो, चार लोक ताम्हिणीने जावं की कशेडीने यावर हमरीतुमरीवर येतात, आणि हा शांतपणे मठ्ठ्याचा घोट घेऊन म्हणतो, "महामार्गाने कसले जाता? किनाऱ्याकिनाऱ्याने जा." तो एवढ्यावर थांबता तर त्याच्यावर लिहायचं काही कारण नव्हतं. पण मिशीवरचा मठ्ठा पुसून तो पुढे म्हणतो, "आणि जायचं तर जुलैत!"

जुलैत का, तर खरं कोकण पावसातच दिसतं, असं त्याचं ठाम मत. डिसेंबरात ज्या खोलीला साडेतीन हजार मोजावे लागतात, तीच जुलैत निम्म्या भावात मिळते आणि वर मालक "जेवणाचं बघू हो तुमचं" म्हणतो, हा भाग तो सांगत नाही. पण त्याला लबाड म्हणणं अन्यायाचं होईल. निम्म्या भावातली खोली एकदा ठरली की पावसावरचं त्याचं प्रेम अगदी खरं असतं.

सागरी महामार्गाचा इतिहास तो अंतुल्यांपासून सुरू करतो. रेवस ते रेड्डी, सुमारे पाचशे किलोमीटर. नकाशावर हा रस्ता सलग आहे. जमिनीवर मात्र खाडी आली की तो थेट पाण्यात उतरतो आणि पलीकडच्या तीरावर काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ हे सगळे जेट्टीवरचे मुक्काम याला तोंडपाठ. "पूल झाले की मजा गेली," असंही तो म्हणतो. एरवी पूल होत नाहीत म्हणून सरकारला शिव्या घालणारा हाच.

त्याची तयारी बघण्यासारखी असते. हाफ पँट, पायात फ्लोटर, डोक्यावर 'मालवण' लिहिलेली टोपी. डिकीत ताडपत्री, सुंभ, बूट वाळवायला रद्दी, ओव्याची पुरचुंडी आणि मेणबत्त्या. हवामान खात्यावर त्याचा स्वतंत्र विश्वास आहे. यलो अलर्टला तो पाऊस मानत नाही. ऑरेंज म्हणजे त्याला आमंत्रण वाटतं. रेड अलर्ट असला तर तो फक्त बायकोला सांगत नाही.

अशाच एका गाडीत मागच्या सीटवर, दोन ओल्या छत्र्या आणि एक फणस यांच्यामध्ये बसून मी अलिबागेच्या पुढे गेलो आहे. पाऊस कसला, आभाळ फाटलं होतं. वायपर आपल्या परीने झटत होते. बाहेर काचेवर पाणी, आत वाफ. वहिनी दर दोन मिनिटांनी पंच्याने काच पुसत आणि पुसलेल्या गोलातून पलीकडचा पांढरा पडदा दिसे. आमच्या यजमानाचा उत्साह मात्र तसूभरही उतरला नव्हता.

"उजवीकडे बघा, उजवीकडे! आत्ता इथून जंजिरा दिसला असता!"

आम्ही सगळ्यांनी उजवीकडे बघितलं. धाकट्या मुलीने तर हातही हलवला.

"आणि हा काशीदचा किनारा मघाशी गेला, ती पांढरीशुभ्र वाळू!" पांढरं तर सगळंच होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. श्रीवर्धन येईपर्यंत आम्ही न दिसलेली इतकी स्थळं पाहिली की मान दुखायला लागली. पुढे कळलं की डिसेंबरात तो कोकणात कधी गेलेलाच नाही. एवढी बारकाईची वर्णनं त्याने आणली कुठून, हे मला आजही उमगलेलं नाही.

हरिहरेश्वरी रात्रीच्या जेवणाचा प्रसंग झाला. पाट मांडल्याबरोबर त्याने फर्मावलं, "काकू, पापलेट होऊ दे. ताजं!"

काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं, की माणूस शिकलेला असून असं कसं बोलतो. "भाऊ, बंदी नाही का? नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वरच ओढलेल्या असतात आमच्या."

१ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा हंगाम आणि वर खवळलेला दर्या, दोन्हींचा मान राखून. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पाचशे किलोमीटरच्या सागरी महामार्गावर मासा नाही, ही गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो. काकूंनी कुळथाचं पिठलं, आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी, सोड्यांचं कालवण आणि गरम भाकरी वाढली. पहिल्या घासाला त्याचा चेहरा पडलेला होता, तिसऱ्याला तो म्हणाला, "कोकणात येऊन पापलेट मागणारे लोक बघितले ना, की कीव येते."

जेवण झाल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर काढून तो हिशेबाला बसला. उद्या हेदवीची बामणघळ. भरतीच्या लाटा कातळातल्या त्या अरुंद चिरेत घुसतात आणि पाणी उंच उसळतं. ते बघायचं तर ऐन भरतीला पोचलं पाहिजे. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. "उद्या चतुर्थी, म्हणजे दुपारी तीन. दोन वाजता घळीवर!" हिशेब चोख होता, यात वादच नाही.

दुसऱ्या दिवशी वेसवीला उतरून, केळशी मागे टाकून आम्ही आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीशी पोचलो. दर्शन घेऊन बाहेर आलो आणि पाऊस एकदम थांबला. ढग फाटले. खाली खाडीचं मातकट पाणी समुद्राच्या करड्या पाण्यात शिरताना दिसलं, आणि पलीकडे हर्णैपाशी, धुऊन पुसून ठेवावा तसा, सुवर्णदुर्ग. आख्खा. त्याच्या तटावर फुटणाऱ्या लाटासुद्धा मोजता येत होत्या. कुणी बोललं नाही. फणसही कुणाला आठवला नाही. जेमतेम दोन मिनिटं, मग पुन्हा पडदा.

आमचा यजमान त्या वेळी गाडीत डोकं खुपसून वायपरच्या रबराला सुंभ बांधत होता. वहिनी म्हणाल्या, "अहो, किल्ला दिसला. केवढा सुंदर!"

"मग? मी सांगितलं नव्हतं?" तो मान वर न करताच म्हणाला.

दाभोळच्या जेट्टीवर बाराच्या सुमारास पोचलो. पलीकडे धोपावे असायला हवं होतं. २००३ पासून गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट अलीकडे धक्क्याला बांधून ठेवलेली. छत्रीखाली विडी ओढत बसलेल्या माणसाने आमच्याकडे न बघताच सांगितलं, "बंद आहे साहेब. वारा बघा की."

"कधी सुरू होईल?"

"वारा पडल्यावर."

"वारा कधी पडेल?"

त्या माणसाने विडीचा झुरका घेतला. असल्या प्रश्नांना उत्तर द्यायची पद्धत कोकणात नाही. थोड्या वेळाने त्यालाच दया आली असावी. "पोरंबाळं आहेत, कशाला थांबता? दापोली, खेड करत चिपळूणवरनं जावा."

खाडीपलीकडचं पाच-दहा मिनिटांचं गाव गाठायला शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. आणि खेड ते चिपळूण म्हणजे साक्षात मुंबई-गोवा महामार्ग. २०११ पासून चौपदरीकरण चाललेला, त्याच्या सगळ्या व्याख्यानांतला खलनायक. गाडी तिथे लागली तेव्हा आत अवघडलेली शांतता होती. एका बाजूने रस्ता, दुसऱ्या बाजूने वळवलेला रस्ता, मध्ये चिखल. तो मुकाट्याने गाडी हाकत होता. चिपळुणात चहाला थांबलो तेव्हा एवढंच म्हणाला, "हा रस्ता तसा वाईट नाही."

हेदवीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भरती तीनलाच येऊन गेली होती. घळीच्या तळाशी पाणी खुळखुळत होतं. तो कातळावर उभा राहिला, छत्री उलटी झाली तरी हलला नाही, आणि हात डोक्याच्या बराच वर नेऊन म्हणाला, "एवढं उडतं!"

परत आल्यावर त्याने सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले. जंजिरा, काशीद, श्रीवर्धनचा सूर्यास्त, दाभोळची खाडी. प्रत्येकाखाली नाव नीट लिहिलेलं. पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचं विचारणं आलं, "फोटो उघडत नाहीयेत का फक्त माझ्याकडे?"

"उघडलेत काकू," त्याने लिहिलं. "मोठे करून बघा."