बारा वर्षांचं भांडण

मेहकर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, दोन्ही अंगांनी बंदिस्त, आणि तो आमच्या डोळ्यांदेखत पुरासुद्धा झाला. याच तालुक्यातल्या आमच्या डोणगावात दोन घरांमधलं वॉलकंपाउंड मात्र तिसऱ्या पिढीत आलंय. सरकारला फक्त जमीन घ्यायची होती. इथे शेजारी आहे.

हे वॉलकंपाउंड बघण्यासारखं आहे. अलीकडून घोटीव गिलावा, त्यावर पिस्ता रंग. पलीकडून उघड्या विटा आणि सांध्यांतून ओघळून तिथेच वाळलेला माल. गवंड्याला पलीकडे उतरायचं तर परवानगी मागावी लागते, आणि परवानगी मागितली की हद्द कबूल केली असं होतं. पलीकडच्या काकांनी मग वीतभर जागा सोडून आपली वेगळी भिंत घातली. त्या बोळीत मांजर शिरलं तर मागच्या पावलीच निघतं. पावसाळ्यात तिथे दोन्ही घरांच्या पागोळ्या पडतात आणि ग्रामपंचायतीत अर्ज.

नियम नाहीत असं नाही. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत कुंपणाची भिंत दीड मीटरची. 2.4 मीटरपर्यंत न्यायची तर वरचा 0.9 मीटर भाग आरपार दिसणारा हवा. म्हणजे शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून भिंत उंच करावी, तर नेमकं तोंडाच्या उंचीला जाळी!

मोजणी आणावी म्हणाल तर तीही होते. भूकरमापक रोव्हर घेऊन येतो, वर उपग्रहाला विचारतो, खाली खुणा करतो. काका खुर्चीवरून न उठता सांगतात, "भाऊ, हे मोजणी आपल्याले मान्य नाही." मग निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी. तीही मान्य नसेल तर सुपर निमताना. उपग्रह समोरच्या पार्टीला फितूर असल्याचा संशय अजून लेखी आलेला नाही, एवढंच.

लोक आम्हाला उगाच भांडकुदळ म्हणतात. 1963 चा मुदतीचा कायदा बघा. दुसऱ्यानं तुमची जागा उघडपणे, आपलीच म्हणून बारा वर्षं वापरली आणि तुम्ही दावा न लावता गप्प बसलात, तर ती गेली. आमच्या गावानं यातला 'गप्प बसू नका' एवढाच भाग पाठ केलाय. त्यामुळे दर उन्हाळ्यात वखर धुऱ्याला लागला, एखादं तास पलीकडे गेलं, की शिव्या दिल्याच पाहिजेत. तो राग नसतो, वहिवाटीचं नूतनीकरण असतं. न्यायालय शिव्या धरत नाही, दावाच लागतो, हे वकील सांगतात. पण वकील फी घेतात आणि शिव्या फुकट आहेत.

आता सरकारनं 2023 मध्ये सलोखा योजना आणली. माझी शेतजमीन तुझ्या ताब्यात, तुझी माझ्या ताब्यात असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क हजार रुपये, नोंदणी फी हजार. अट एकच मोठी: ताबा किमान बारा वर्षांचा हवा. आठ-दहा वर्षांच्या कच्च्या भांडणाला सलोखा मिळत नाही.

आमच्याकडच्या एका जोडीची बारा वर्षं कधीच भरली. दोघं बसले, चहा झाला, नकाशा पसरला, गट नंबरही जुळले. पहिले हजार कोणी काढायचे, यावर बोलणी अडली आहेत.